जुन्या पत्त्यावरचं पान

मामांच्या दुकानात एका शब्दाला बंदी होती. तो शब्द म्हणजे ठुंठ. कुणाच्या तोंडून चुकून निघाला की मामा हातातली कानस खाली ठेवत आणि म्हणत, "ठुंठ झाडाला असतं. माणसाला उरलेला पाय असतो." मग पुन्हा कानस उचलत. दिवसातून दहा वेळा सांगावं लागलं तरी दहाही वेळा तितक्याच शांतपणे सांगत. बाकी बाबतीत मात्र शांत माणूस नव्हे हां! चहा गार झाला एवढ्या कारणावरून दुकान डोक्यावर घ्यायचे.

दुकान कृत्रिम पायांचं. पुढची खोली चालून बघायची, तिच्यात दोन समांतर दांडे आणि त्यांच्या टोकाला उंच आरसा. मधली खोली प्लास्टरची. तिची फरशी मुळात कुठल्या रंगाची होती हे आता कुणालाच आठवत नव्हतं. मागची खोली यंत्रांची. तिथं भट्टीत प्लास्टिकचा जाड पत्रा मऊ करायचा आणि गरम असतानाच साच्यावर ओढून बसवायचा. त्याच खोलीच्या माळ्यावर एक जुना कॉम्प्युटर अखंड घरघरत असे. तो भाचीचा.

भाची म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. कॉलेजात असताना तिनं त्या कॉम्प्युटरवर दुकानाचा स्वतःचा विकी उभारला होता. म्हणजे अशी पानं, जी जगात कुठूनही वाचता येतील, दुकानातला कुणीही दुरुस्त करू शकेल, आणि कुणी काय बदललं तेही त्यांतच राहील. कुठल्या कंपनीकडे भाड्यानं ठेवलेली नव्हेत, आपल्याच माळ्यावर आपल्याच यंत्रात. दुकानातून गेलेल्या प्रत्येक पायाला एक आकडा आणि प्रत्येक आकड्याला एक पान. पानावर माणसाचं नाव नाही की ठिकाण नाही, फक्त पाय. हाड कुठं टोचतं, टाच किती उचललेली आहे, कुठला स्क्रू किती आवळायचा आणि कुठल्याला अजिबात हात लावायचा नाही.

मामांनी त्याला आपली एक रीत जोडली. पानाचा पत्ता पायावरच कोरायचा. उरलेला पाय ज्या पेल्यात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. त्याच्या वरच्या कडेखाली, बाहेरच्या बाजूनं, तापत्या टोकाच्या पेनानं एकेक अक्षर. कागद चिकटवला तर घामानं निघतो, ठिपक्यांचा चौकोन छापला तर वर्षाच्या आत खरवडून जातो. कोरलेलं राहतं.

"माणूस जगाच्या पाठीवर कुठंही जाऊन पडू शकतो," मामा म्हणत. "पडला की जो कुणी दुरुस्त करणारा भेटेल त्यानं हा पत्ता टाकावा, पान उघडावं आणि त्याला कळावं की हा पाय बेवारस नाही. फोन उचलायला माणूस जागेवर लागतो. पान जागेवरच असतं."

सगळं छान चाललं होतं, आणि मामांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी मामांनी ते कुणाला दाखवलंच नाही. कप दोन्ही हातांनी धरायचे, सही करायची वेळ आली की चष्मा हरवायचा. पण असल्या गोष्टी किती दिवस झाकणार? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका बड्या कंपनीचा माणूस येऊन बसू लागला. तुमचे सगळे लोक आम्ही घेतो, मामा, तुम्ही आता आराम करा. मामांना मूलबाळ नव्हतं, मामी जाऊनही बरीच वर्षं झाली होती. आणि भाचीला ते दुकान हवं होतं. स्पष्टच सांगायचं तर तिला दुसरं काहीच नको होतं. त्यासाठी तिनं बसल्या जागेची बरी नोकरी सोडली होती आणि तीन वर्षं प्लास्टरच्या खोलीत गुडघे टेकून काम शिकली होती.

मामा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते.

"कीबोर्डवर चुकलं की खोडता येतं," ते म्हणायचे. "इथं चुकलं की माणूस वाकडा चालतो आणि ते वाकडेपण हाडात जाऊन बसतं. तुला अजून त्याची भीती वाटत नाही. भीती वाटायला लागली की सांग. आणि हो, दुकानासाठीच गोड बोलतेस ना गं? कामापुरता मामा!"

"काम तुमचंच आहे, मामा. मीच कामापुरती भाची."

यावर मामा हसायचे, पण ठरवायचे काहीच नाही.

त्यात एक सहा वर्षांची मुलगी पायासाठी आली. वाढत्या वयाची पोर, दरवर्षी नवा पाय लागणार. तिचं सॉकेट ते केवढं! मोठ्या पाण्याच्या पेल्याएवढं. आणि पत्ता हा एवढा. दुकानाचं नाव, तिरकी रेघ, पाय, पुन्हा तिरकी रेघ, मग इंडेक्स, टिंब, पीएचपी, मग प्रश्नचिन्ह, मग टायटल, मग बरोबरचं चिन्ह आणि सगळ्यात शेवटी बिचारा आकडा. मोठ्या माणसाच्या पायावर ते कसंबसं मावायचं. त्या पोरीच्या पायाला मामांनी दोन ओळींत कोरायला घेतलं. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत प्रश्नचिन्हाच्या वळणावर हात उडाला, पेन घसरलं आणि पत्र्याला आरपार भोक पडलं. सॉकेट वाया गेलं.

मामांनी पेनाची वायर काढली. ती नीट गुंडाळली. "बस झालं," ते म्हणाले. "त्या कंपनीवाल्याला फोन लाव."

"मी कोरते ना, मामा."

"तू कोरशील. पण हात माझा गेला, तो तू कोरून परत येणार आहे का?"

भाची एकदम म्हणाली, "पत्ताच छोटा करते. दुकानाचं नाव, रेघ, पाय, रेघ, आकडा. बस्स. एवढं तुमचा हात कोरेल."

"करता येतं?"

"येतं."

"मग इतकी वर्षं काय झोपा काढत होतीस?"

"तेव्हा येत नव्हतं. आणि आल्यावर वाटलं, चाललंय ना, चालू दे."

"कर," मामा म्हणाले. "हे नीट केलंस तर दुकानाचं बोलू."

तर ती बसली माळ्यावर. पत्ता छोटा करायचा म्हणजे करायचं काय, तर खरी खोली एका नावाची ठेवायची आणि दारावर पाटी दुसऱ्या नावाची लावायची. येणारा पाटी वाचून येतो, आतलं यंत्र त्याला बरोबर खोलीत नेऊन बसवतं. अट एकच. पाटीचं नाव आणि खऱ्या खोलीचं नाव एकच असून चालत नाही, नाहीतर यंत्र भांबावतं. आणि आमच्या भाचीबाईंनी कॉलेजच्या उत्साहात विकीच्या खऱ्या फोल्डरचंच नाव 'पाय' ठेवून दिलं होतं. म्हणून तिनं फोल्डरला दुसरं, एका अक्षराचं नाव दिलं. 'पाय' हे नाव मोकळं करून पाटीसाठी घेतलं. सर्व्हरला नियम लिहून दिला की 'पाय'च्या पुढे जे काही येईल ते पानाचं नाव समजायचं. विकीला सांगितलं की यापुढे आपली ओळख अशीच करून द्यायची. मग एकेक पान दाबून पाहिलं. शेकडो पानं होती, एकही सोडलं नाही. प्रत्येक पान उघडलं आणि वर पट्टीत तो सुटसुटीत, देखणा पत्ता झळकला. खाली मामा खुर्चीत बसून आठवतील ते आकडे ओरडून सांगत होते आणि ती वरून "उघडलं!" म्हणून ओरडत होती.

एक गोष्ट मात्र तिनं केली नाही. जुना लांबलचक पत्ता अक्षर-अक्षर टाकून पाहिला नाही. विकीच्या आतल्या सगळ्या दुव्यांनी आपोआप नवं रूप घेतलं होतं, त्यामुळे तिच्यासमोर जुना पत्ता कुठं उरलाच नव्हता. आणि तो कोरलेला एकही पाय त्या दिवशी दुकानात नव्हता. पायांच्या दुकानात पाय असतात ते नवे आणि अर्धवट. जुने सगळे बाहेर, जिने चढत, बस पकडत, रांगेत उभे.

त्या पोरीचा पाय नव्यानं तयार झाला. मामांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि नवा पत्ता कोरला. अक्षरं थोडी डुलत होती, पण वाचता येत होती. पोरगी दांड्यांमधून चालत आरशापर्यंत गेली आणि आरशातल्या स्वतःला जीभ दाखवून परत आली. कंपनीचा माणूस नेमका तेव्हाच आला होता. मामांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "आता येऊ नका. दुकान भाचीचं आहे."

भाची भट्टीमागं जाऊन रडली. आनंदानं रडली, लपवायचं काय त्यात.

त्यानंतर मामांच्या हाताच्या तपासण्या झाल्या. त्यासाठी दोन दिवस दुकान बंद ठेवून ती त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात होती. हाताला औषध मिळालं, हात काही थांबला नाही, पण मामा आता त्यावर विनोद करायला लागले होते. मीठ घालायला मलाच सांगा, म्हणायचे, आपोआप पडतं. दोनेक महिने असे बरे गेले.

मग एका सकाळी माळीबुवा आले.

माळीबुवा एका मोठ्या सार्वजनिक बागेत माळी होते. दहा वर्षांपासून मामांचा पाय वापरत होते, आकडा तीनशे बारा. इतका सफाईदार चालायचे की बागेत येणाऱ्यांना कधी कळलंही नव्हतं. आज ते दोन कुबड्यांवर आले होते. विजारीची उजवी नळी गुडघ्याखाली दुमडून पिनेनं टाचलेली होती आणि पाय पिशवीत होता.

मामांनी पाय पिशवीतून काढला. आत हात घातला आणि बोटं फिरवली. त्यांचा चेहराच बदलला.

"खळगी कुठं गेली?" मामा म्हणाले.

आता ही खळगी काय ते सांगायला हवं. माळीबुवांच्या नडगीच्या हाडाचं टोक आतल्या बाजूला वळलेलं होतं. ते दाबू नये म्हणून मामांनी सॉकेटच्या आत, बरोबर त्या जागी, एक खोलगट जागा ठेवली होती. हात फिरवणाऱ्याला पोचा वाटावा अशीच. म्हणून तीनशे बाराच्या पानावर पहिलीच ओळ लाल अक्षरांत होती: आतली खळगी मुद्दाम ठेवली आहे, तो पोचा नाही, सपाट करू नये.

"बहिणीकडं गेलो होतो," माळीबुवा सांगू लागले. "अंगणात पडलो. वरच्या कडेला भेग गेली. तिथल्या हॉस्पिटलात एक दुरुस्त करणारा आहे. भला माणूस हो, उगाच वाईट कशाला बोलू. त्यानं चष्मा लावून पत्ता टाकला, एकेक अक्षर. पान उघडलं, पण कोरं. या नावाचं पान अजून लिहिलेलं नाही, लिहायचं असेल तर इथून सुरुवात करा, असं काहीतरी. मी म्हटलं, पुन्हा बघा. मामांच्या पायाला पान नाही असं व्हायचंच नाही. पैजेवर बोललो मी. त्यानं पुन्हा टाकलं. कोरंच. दुकानात फोन लावला, तर नुसता वाजतच राहिला."

"आम्ही हॉस्पिटलात होतो," मामा पुटपुटले.

"मग तो तरी काय करणार? भेग भरून दिली. आणि आत हात घालून म्हणाला, पडल्यामुळं पोचा आलाय, तोही काढून देतो."

पुढचं माळीबुवांनी थोडक्यात सांगितलं. साखरेचा आजार, त्यामुळं दुखणं उशिरा समजलं. वाटलं, दुरुस्त केलेला पाय आहे, बसेपर्यंत टोचणारच. जखम झाली, ती आत चिघळली. डॉक्टरांनी हाड आणखी चार बोटं कापलं. गुडघा वाचला. बागेत त्यांच्या वाफ्यांवर दुसरा माणूस आला.

"तिकडच्या इंटरनेटचंच काहीतरी असणार," माळीबुवा म्हणाले. "नाहीतर तुमचं पान नाही म्हणजे काय!"

भाची माळ्यावर गेली. पिशवीतला पाय बरोबर नेला. त्यावरची अक्षरं बघत तिनं पत्ता टाकला, प्रश्नचिन्हासकट, बरोबरच्या चिन्हासकट. पान उघडलं. कोरं. 'पाय'च्या पुढे जे येईल ते पानाचं नाव समज, असं तिनंच सर्व्हरला शिकवलं होतं, आणि तो शहाणा सर्व्हर 'इंडेक्स टिंब पीएचपी' नावाचं पान शोधत होता. असलं पान कुठून असणार? म्हणून अदबीनं सांगत होता, अजून लिहिलेलं नाही.

तिनं पत्ता पुन्हा टाकला, तरी कोरंच.

खाली उतरेपर्यंत ती काहीही ठरवू शकली असती. कुणाला कळलं असतं? मामांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माळीबुवांनी तर कारणही आयतं हातात दिलं होतं, तिकडचं इंटरनेट. आणि नाहीच पुरलं तर तो परका दुरुस्त करणारा होताच. चोर सोडून संन्याशाला फाशी, जगात रोज होतं. दुकान तिचं राहिलं असतं. हे सगळं शिडीच्या पायऱ्या उतरताना तिच्या डोक्यात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू. पण खाली आली तेव्हा माळीबुवा मामांना समजावत होते की एवढं मनाला लावून घेऊ नका, तुमची काय चूक, आणि मामा मान खाली घालून ऐकत होते.

"चूक माझी आहे," भाची म्हणाली. "माळीबुवा, तिकडच्या माणसानं बरोबर पत्ता टाकला होता. मी पत्ते बदलले. नवे तपासले, जुने तपासले नाहीत. जुन्या पत्त्यावर तेव्हापासून कोरं पान येतंय. मी आत्ता बघितलं. मी तपासलं असतं तर तुमचा पाय वाचला असता."

माळीबुवांनी कुबडीची पकड एकदा सैल केली आणि पुन्हा आवळली.

"किती?" मामांनी विचारलं.

"काय किती?"

"जुन्या पत्त्याचे किती पाय आहेत बाहेर?"

"सगळेच, मामा. परवाचे सात-आठ सोडले तर सगळेच."

"म्हणजे दोन महिने माझे सगळे पाय बेवारस होते."

"हो."

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. गार चहावरून दुकान डोक्यावर घेणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज चढला नाही. म्हणाले, "जा. आधी ते नीट कर."

दुरुस्ती केवढी होती? चार ओळींची. जुन्या पत्त्यानं कुणी आलं की त्यातला आकडा उचलायचा आणि त्याला नव्या पत्त्यावर पोचतं करायचं. चहा उकळेपर्यंत झालीसुद्धा. या गोष्टीचंच तिला जास्त रडू आलं. एवढंसं काम होतं! मग कोण कोण येऊन परत गेलं ते तिनं सर्व्हरच्या नोंदींत पाहिलं. आणखी तीन पाय निघाले. कुठला आकडा कुणाचा हे मामांना तोंडपाठ होतं. तिघांनाही फोन केले, तिघेही सुखरूप होते.

ती खाली आली तेव्हा मामा माळीबुवांसमोर स्टूल घेऊन बसले होते.

"बुवा, जखम भरली की नवा पाय लागेल," ते म्हणाले. "माप माझ्या हातानं आता होत नाही. कंपनीत यंत्रानं माप घेतात, चांगलं घेतात, मी स्वतः बघून आलोय. तिथं जायचं तर मी आत्ता फोन करतो. इथं करायचं तर माप ही घेईल." त्यांनी भाचीकडं बोट केलं, वर पाहिलं नाही. "मी हिला दुकानाचा शब्द दिला होता. तो शब्द आता माझा राहिला नाही. ज्याचं हाड गेलं त्यानं ठरवायचं. तुम्ही कंपनीत गेलात तर बाकी सगळ्यांनाही मी तिकडंच पाठवीन आणि दुकान बंद करीन."

"मामा, हे ओझं माझ्यावर कशाला?" माळीबुवा म्हणाले.

"मग कुणावर टाकू?"

माळीबुवा उठले. पाय दुकानातच ठेवून कुबड्यांवर गेले. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते भाचीलाच माहीत. दुकान चालू होतं, लोक येत होते, पण मामा तिला कामापुरतंच सांगत. तिनं तीनशे बाराचं पान उघडलं आणि खाली नवी नोंद लिहिली: पत्ता न उघडल्यामुळे खळगी सपाट झाली. मामांनी ती वाचली.

"पत्ता न उघडल्यामुळे!" ते म्हणाले. "वा! म्हणजे पत्त्यानंच बिचाऱ्यानं चूक केली. आणि तू काय, शेजारून जात होतीस?"

तिनं ती खोडली आणि पुन्हा लिहिली. मी पत्ते बदलले. जुने तपासले नाहीत. त्यामुळे पान मिळालं नाही, खळगी सपाट केली गेली, आणि हाड चार बोटं कापावं लागलं. खाली स्वतःचं नाव घातलं. मामांनी वाचलं आणि निघून गेले. आणि तिला रोज भीती वाटायला लागली. आधी कधी वाटली नव्हती तशी. कुणाच्या पायाला हात लावण्याआधी ती दोनदा, तीनदा बघायची. ती मामांना त्यातलं काही बोलली नाही. कुठल्या तोंडानं बोलणार?

जखम भरायला लागतो तेवढा काळ गेला. मग त्याहूनही जास्त गेला. भाचीनं मनात दुकानाचा निरोप घेऊन टाकला. आणि एका दुपारी कुबड्यांचा आवाज आला.

माळीबुवा एकटेच होते. चालायच्या खोलीत येऊन ते दांड्यांपाशी थांबले.

"कंपनीत जाऊन आलो," ते म्हणाले. "छान आहे. थंडगार. पोरं नम्र आहेत."

"मग?" मामांनी विचारलं.

"त्यांना विचारलं, तुमच्याकडनं काही चुकलं तर मला कोण सांगेल? तर म्हणाले, आमच्याकडं चुकत नाही." माळीबुवांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग भाचीकडं वळले. "ताई, मी माफ केलं असं समजू नका. ते काही जमलं नाही. सकाळी उठलो की आधी तुमची आठवण येते, आणि ती चांगली नसते. पण माप घ्या."

भाचीनं मामांकडं पाहिलं. मामा आरशाशी जाऊन, पाठ करून उभे राहिले.

तिनं माप घ्यायला सुरुवात केली. उरलेला पाय धुतला, पुसला. हाडाचं टोक बोटांनी शोधलं. ते आता नव्या ठिकाणी होतं, कापलेल्या जागी, नवीन कातडीखाली. पुन्हा शोधलं. तिसऱ्यांदा शोधलं आणि त्यावर खूण केली. मग प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळली. या कामात शेवटचं एक असतं. प्लास्टर घट्ट होण्याआधी माणसानं दांड्यांमध्ये उभं राहायचं आणि उरलेल्या पायाचा भार माप घेणाऱ्याच्या तळहातांवर सोडायचा. तरच आतलं मांस आणि हाड चालताना जसं बसेल तसं बसतं. भीत भीत सोडला तर साचा खोटा येतो आणि पाय आयुष्यभर खोटा बसतो. यात जबरदस्ती चालत नाही. माणसानं स्वतःहून सोडावा लागतो.

ती गुडघ्यांवर बसली आणि प्लास्टरखाली दोन्ही तळहात धरले. तिचे हात कापत होते, मामांचा कापतो तसे.

"हात कापतायत तुमचे," माळीबुवा म्हणाले.

"भीती वाटतेय," ती म्हणाली. "आता रोज वाटते."

आरशाशी उभे असलेले मामा वळले आणि दांड्यांपाशी आले.

माळीबुवांनी एक कुबडी काढून दांड्याला टेकवली. दुसरी अजून काखेत होती. ते वरून तिच्या डोक्याकडं, पांढऱ्या झालेल्या हातांकडं बघत राहिले. प्लास्टर गरम होऊन घट्ट व्हायला लागलं होतं, फार वेळ उरला नव्हता.

"सगळा सोडू?" त्यांनी विचारलं.

"सगळा."

त्यांनी दुसरी कुबडीही काढली आणि मामांच्या हातात दिली.